गायतोंडे कळायला वेळ द्यावा लागतो

महोदय,

अमूर्त शैलीचे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्राला लिलावात अमुक कोटी मिळाले, ही बातमी क्रिस्टीज या लिलावसंस्थेच्या मुंबईतल्या २०१३च्या लिलावापासून (तेव्हा २३.७ कोटी) अधूनमधून छापून येते. सोबत टपाल तिकिटाएवढा फोटो असतो आणि ‘यात आहे काय?’ ही प्रतिक्रिया ठरलेली असते. त्या फोटोत खरोखरच फारसे काही नसते. वृत्तपत्राचा कागद शाई पितो, ठिपका पसरतो आणि जवळच्या दोन गडद छटा एक होऊन जातात. गायतोंडे यांच्या साठोत्तरी कामाची सारी गंमत तर याच छटांत आहे.

ते रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंगकामाच्या बोथट सुरीने) रंग लावत, काढत, पुन्हा लावत. कागदाचे फाडलेले तुकडे वापरून आकार उमटवत. त्यामुळे आकार थराखालून झिरपल्यासारखे दिसतात, आणि दिसायला वेळ घेतात. उन्हातून आलेल्या डोळ्यांना चित्रदालनातला उजेड सरावायलाच पाच-सात मिनिटे लागतात. तोवर दिसतो फक्त एक राखाडी किंवा पिवळा रंग. मग माणूस त्यात डोंगर, समुद्र, अक्षरे शोधतो. काहीतरी सापडले की समाधान होते, पाठोपाठ कंटाळा येतो आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच पुढे सरकतात. तसे न करता दोन पावले बाजूला व्हावे. तिरके पाहिले की तैलरंगाची चमक जागोजागी बदलते, थर कुठे जाड, कुठे खरवडलेला ते कळते आणि मघाचा डोंगर मोडतो. मग पुन्हा दहा-बारा फूट मागे यावे.

काही महिन्यांनी तेच चित्र वेगळे वाटते, कारण आठवणीत ढोबळ रंग तेवढा उरलेला असतो. मोबाइलवरच्या फोटोशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. कॅमेरा स्वतःच्या हिशेबाने उजेड आणि रंग बदलतो. आधीच्या भेटीतल्या दोन ओळी लिहून ठेवलेल्या बऱ्या.

दिवेही घोटाळा करतात. वरून मारलेला एकच स्पॉटलाइट उभ्या कॅनव्हासचा माथा उजळतो आणि तळ बुडवतो. निळसर पांढऱ्या एलईडीत गेरू मलूल पडतो. चित्रावर काच असेल तर आपलाच शर्ट पाहत बसावे लागते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या, चित्रसंग्राहक जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहात गायतोंडे यांची चित्रे आहेत, पण मांडणी बदलत असते. जाण्याआधी चौकशी करावी. दालने चालवणाऱ्यांनी मोठ्या चित्रासमोर पाठ नसलेला एक बाक ठेवावा आणि दोन्ही बाजूंनी सारखा, सौम्य उजेड द्यावा, एवढे पुरे आहे. आपणही पुढची लिलावाची बातमी छापताना किमतीसोबत चित्राचे वर्ष व लांबी-रुंदी द्यावी, आणि अख्ख्या चित्राच्या चिमुकल्या फोटोऐवजी त्यातला वीतभर भाग मोठा करून छापावा.

– एक कलाशिक्षक, पुणे