माझा चष्मा काढणाऱ्या काकूंना

काकू,

तुमचं नाव मला माहीत नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. सूर्यग्रहण सुटलं, लोक दुर्बिणी आणि तिकाटणी आवरायला लागले, आणि त्या गर्दीत तुम्ही कुठे गेलात ते कळलंच नाही. आभार मानायचे राहून गेले. तेव्हापासून स्वस्थ बसवत नाही.

तुम्ही काय केलंत हे समजायला आधीची हकिकत सांगायला हवी. यापूर्वी मी एका सहलीबरोबर ‘खग्रास ग्रहण पाहायला’ गेले होते. आयोजकांनी आम्हाला खग्रास पट्ट्याच्या, म्हणजे जिथून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो त्या पट्ट्याच्या, जरा बाहेरच उभं केलं. कुणी विचारलं की उत्तर तयार असायचं, “इथून ९९ टक्के दिसतं, एका टक्क्यानं काय बिघडतंय?” सगळंच बिघडतं! सूर्याची नखाएवढी कड उरली, तरी तिचा उजेड प्रभामंडलापेक्षा, म्हणजे सूर्याभोवतीच्या फिकट तेजोवलयापेक्षा, हजारो पटींनी जास्त असतो. त्यामुळे प्रभामंडल नाही, काळोख नाही, काहीच नाही. नुसतं मलूल ऊन. ९९ टक्के म्हणजे खंडग्रासच, हे पैसे घेणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं. व्याख्यान मात्र जोरदार झालं. १८६८ साली आंध्रातल्या गुंटूरला दिसलेल्या ग्रहणातून हेलियम वायूचा सुगावा कसा लागला, १९१९ च्या ग्रहणात खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी आइनस्टाइनचा सिद्धांत कसा तपासला, सगळं सांगून झालं. आणि एक ताकीद पुन्हा पुन्हा: ग्रहण बघायचा काळा चष्मा एक क्षणही डोळ्यांवरून काढायचा नाही. तिथे ती योग्यच होती. पण सूर्य पूर्ण झाकला गेला की त्या चष्म्यातून काहीही दिसत नाही, तेवढा वेळ तो काढायचाच असतो, हे अर्धं वाक्य कुणी उच्चारलं नाही.

तीच ताकीद मनाशी घट्ट धरून मी या वेळी तुमच्या शेजारी उभी होते.

झाडाखाली पानापानांतून सूर्याच्या शेकडो कोरी जमिनीवर पडल्या होत्या, सावल्यांच्या कडा विचित्र धारदार झाल्या होत्या, वारा गार लागत होता. मग पश्चिमेकडून चंद्राची सावली आली. इतक्या वेगानं काही आपल्या अंगावर येऊ शकतं, याची मला कल्पनाच नव्हती. लोक ओरडायला लागले. माझ्या चष्म्यात शेवटची किनार विझली आणि पुढे नुसता काळा पडदा. सगळे कशासाठी ओरडताहेत तेच मला उमगेना.

तेवढ्यात तुमची बोटं माझ्या कानाशी आली. “अहो, काढा आता. आता उघड्या डोळ्यांनीच बघायचं.” आणि तुम्ही चष्मा काढलात.

काकू, मी समोर पाहिलं तेव्हा तुमचा चेहरा माझ्याकडे होता. सूर्य तुमच्या पाठीमागे होता. हिऱ्याची अंगठी, म्हणजे सूर्याचा शेवटचा लखलखता ठिपका, नुकतीच विझत होती आणि तुम्ही ती पाहत नव्हता. ज्या क्षणांसाठी माणसं समुद्र ओलांडून जातात, एखाद्या ठिकाणी जे सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतात, त्यांतले पहिले काही सेकंद तुम्ही एका अनोळखी बाईच्या चष्म्यासाठी घालवलेत. खग्रास स्थिती फार तर साडेसात मिनिटं टिकते, बहुतेक वेळा त्याहून बरीच कमी. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तुम्ही वळलात.

मग मी वर पाहिलं. आकाशात काळंकुळकुळीत वर्तुळ आणि त्याभोवती पांढऱ्या रेशमासारखं पसरलेलं प्रभामंडल, कडेला गुलाबी ज्वाला, बाजूला शुक्र, आणि क्षितिजावर चारी दिशांना संध्याकाळ. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि सुमारे ४०० पट लांब, म्हणून दोघं सारखे दिसतात, हे गणित मला पाठ होतं. त्या गणितानं काडीचीही मदत केली नाही. मी रडत होते.

आणि तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. माझा चष्मा सगळा वेळ तुमच्याच हातात होता. कड उजळायला लागणार, तोच तुम्ही “चष्मा!” म्हणून तो माझ्या तळहातावर ठेवलात. डोळ्याचा पडदा जळताना दुखत नाही, म्हणून त्या क्षणी सांगणारं कुणीतरी लागतं. सांगणारं होतं.

ज्ञान असलेली माणसं मला पुष्कळ भेटली. काहींनी ते मंचावरून ऐकवलं, काहींनी त्याची तिकिटं विकली. शेजारच्याला नेमकं काय अडलंय हे ओळखून, स्वतःचं बघणं बाजूला ठेवून हात पुढे करणारी फार थोडी. पण अशी माणसं प्रत्येक गर्दीत असतात, असं तुमच्यामुळे मला आता खात्रीनं वाटतं.

२ ऑगस्ट २०२७ ला पुन्हा खग्रास आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त वेळ अंधार असेल. मी जायचं ठरवतेय. तुम्ही येणार असाल आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं, तर कळवा. आजूबाजूला कुणी चष्मा लावून बसलंय का, ते या वेळी मी बघेन. तुम्ही पहिल्या क्षणापासून वर बघा.

तुमची,
शेजारी उभी असलेली