नानी, तो रुमाल अजून आमच्याकडेच आहे

ती. नानींस,
सा. न. वि. वि.

पत्र तुमच्या नावानं आहे, पण सगळ्यांना वाचता येईल असं उघड्यावर ठेवतोय. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल आणि तुम्ही "इतकं काय लिहायचं त्यात" म्हणत त्याला मध्येच गप्प कराल, हेही ठाऊक आहे. त्याला बजावून ठेवलंय, थांबायचं नाही.

माझी खानदेशात अमळनेरला बदली झाली ती मार्चमध्ये, आणि तुमच्याकडे भाड्याच्या खोलीत राहायला आलो. मी चिपळूणचा. उन्हाळा म्हणजे घामाच्या धारा, एवढंच मला माहीत. आमच्याकडे चार पावलं चाललं की सदरा पाठीला चिकटतो. इथे बँकेच्या वसुलीसाठी दुपारभर मोटारसायकलवर खेडी फिरायचो आणि सदरा कोरडाच्या कोरडा. मला वाटायचं, बरं आहे, घाम तरी येत नाही.

एका दुपारी तुमच्या ओट्यासमोर गाडी काढत होतो. "इतला ऊनमा कोठे चालना रे भाऊ?" तुमच्या अहिराणीतलं मला तेव्हा निम्मंच कळायचं. मी हसून पुढे निघालो, तर तुम्ही हात आडवा केलात आणि माझ्या निळ्या सदऱ्यावरच्या पांढऱ्या रेघांवर बोट ठेवलंत. "आंगनं मीठ भाहेर पडी राह्यनं." घाम येतच होता, फक्त ओला दिसायच्या आत वाळत होता. कोकणात हवाच ओलसर, तिथे घाम अंगावर राहतो म्हणून कळतो. खानदेशची कोरडी हवा तो लगेच पिऊन टाकते आणि अंगातलं पाणी किती गेलं याचा माणसाला पत्ताच लागत नाही. हे मला एका वाक्यात सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. त्या दिवशी तुम्ही दिलेलं पन्हं मी एका दमात पिऊ लागलो, तेव्हा पेला धरून ठेवलात आणि घोट घोट घ्यायला लावलंत.

ते पन्हं आमच्या घरच्यासारखं नव्हतं. आमच्याकडे कैरी उकडतात, तुम्ही चुलीच्या निखाऱ्यात भाजायचात. साल काळी पडून फुटली की गर काढायचा, त्यात गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव आणि वर पुन्हा साधं मीठ. मला ते खारट लागलं. मी तसं म्हणालोही. तुमचं उत्तर होतं की गोड हवं असेल तर हलवायाकडे जा. नंतर बायकोनं तुमच्याकडून कृती लिहून घेतली, तेव्हा मिठापुढे "चवीपुरतं" असं लिहिलेलं तुम्ही तिला खोडायला लावलं होतंत. उन्हातून आलेल्या माणसाच्या जिभेला जेवढं बरं लागतं तेवढं मीठ सावलीत बसलेल्याला खारटच लागणार, असा तुमचा हिशोब.

त्यामागचं शास्त्र मी पुढे वाचलं. आतड्यातून पाणी रक्तात ओढून घ्यायचं तर साखर आणि मीठ जोडीनं लागतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती आणि सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कितीतरी जीव वाचवले. तुमचं पन्हं त्याच वाटेवरचं. पण पन्हं म्हणजे ओआरएस नव्हे, हेही तुम्हीच मला सुनावलंत. आमच्या मुलीला जुलाब लागले तेव्हा मी पन्ह्याचा तांब्या घेऊन आलो होतो. तुम्ही तो बाजूला सारलात आणि मसाल्याच्या डब्याशेजारून सरकारी दवाखान्यातलं पाकीट काढून दिलंत. मी शहाणा! ते अख्खं पाकीट एका पेल्यात ढवळलं. तुम्ही तो पेला मोरीत ओतलात. एक पाकीट म्हणजे एक लिटर पाणी, कमी नाही, जास्त नाही. दाट केलं तर पोराचं आणखी वाईट होईल. पदवी माझ्याकडे होती, पण पाकिटावरची ओळ वाचायची अक्कल तुमच्याकडे.

माठाबद्दल काय लिहू? आमच्या खोलीवर पत्रे. एप्रिलमध्ये दुपारी तीनला खोलीत भाकरी भाजता आली असती. अखाजीला, म्हणजे आमच्या अक्षय्य तृतीयेला, तुम्ही नवी घागर भरलीत, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबा ठेवलात, पितरांना आधी पाणी दाखवलंत. दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून आमच्यासाठीही एक माठ आणून ठेवलात. पहिले दोन दिवस त्यातलं पाणी ओतून द्यायला सांगितलंत, मातीचा वास जाऊ दे म्हणून. मग वाळ्याची जुडी दोऱ्यानं बांधून आत सोडलीत आणि चार-पाच दिवसांनी ती काढून उन्हात वाळवायची, बुळबुळीत झाली की फेकायची, अशी ताकीद. चिपळूणला आमच्याकडेही माठ होता, पण पाणी असं गार कधी झालं नाही. कारण तेच, सदऱ्याचं. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं, आणि वाळायला कोरडी हवा लागते. जी हवा मला सुकवत होती, तीच तुमच्या माठाला गार करत होती.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो, नाहीतर तुमचा नातू कंटाळेल. मला उन्हाळी लागली तेव्हा रात्री धने आणि बडीशेप भिजत घालून सकाळी गाळून प्यायला दिलंत, वर दिवसभर पाणी. दोन दिवसांत आग थांबली नाही किंवा थंडी वाजून ताप आला तर लघवी तपासून घ्यायची, हे पेला हातात देतानाच सांगितलंत. सब्जा वीस मिनिटं फुगल्याशिवाय तोंडात घालायचा नाही आणि लहान पोरांना तर अजिबात कोरडा द्यायचा नाही. मुलीला घामोळ्या आल्या तेव्हा तिच्या पावडरीचा डबा तुम्ही जप्त केलात. होळीच्या सुमारास सातपुड्याकडून आलेली पळसाची फुलं सावलीत वाळवून ठेवली होतीत, ती रात्रभर भिजवून त्या केशरी पाण्यानं अंघोळ घालायला सांगितली. माझ्या मते निम्मं काम गार पाण्यानं आणि सुती झबल्यानं केलं. पण त्या रंगापायी पोरगी स्वतःहून मोरीत जाऊन बसायची, हा फुलांचाच गुण.

आणि घोळणा. माझी आई नाकातून रक्त आलं की आम्हाला उताणं झोपवून टाळूवर पाणी थापायची. शेजारच्या पोराचा घोळणा फुटला तेव्हा मीही तेच करायला धावलो. तुम्ही त्याला बसवलंत, मान पुढे वाकवलीत आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दहा मिनिटं तशाच बसून राहिलात. मान मागे केली की रक्त घशात उतरतं. एवढं साधं, आणि मी चाळीस वर्षं उलटं करत आलो.

तुमच्या सासऱ्यांचं काष्ठौषधीचं दुकान होतं आणि तुम्ही पुढे एका डॉक्टरांकडे आया म्हणून कित्येक वर्षं काम केलंत, हे मला फार उशिरा कळलं. एरवी मी समजत होतो की खेड्यातल्या बायकांना हे सगळं आपोआप येतं. आपोआप काही येत नाही. तुमच्याच गल्लीत खिशात कांदा ठेवून उन्हात जाणारे किती आहेत! तुम्ही त्यांना म्हणायचात, खिशातला कांदा खिशालाच गार करतो, भाकरीबरोबर खा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

सखाराम महाराजांची यात्रा बघायला माझे वडील गावाहून आले. वय अडुसष्ट. आल्या दिवशीच तुम्ही त्यांना विचारलंत की गोळ्या कसल्या घेता. बीपीची, म्हणाले. गळा धरला होता म्हणून ते ज्येष्ठमधाची कांडी चघळत होते. ती तुम्ही त्यांच्या हातातून काढून घेतलीत, कारण बीपीच्या माणसानं ज्येष्ठमध रोज चघळायचा नसतो, त्यानं बीपी चढतं. बाबांना राग आला. झाडपाल्याचं औषध, त्यानं काय होणार, हे त्यांचं म्हणणं. ज्यानं गुण येतो त्यानं अवगुणही येतो, एवढंच बोलून तुम्ही कांडी ताकावर ठेवायच्या झाकणीत टाकलीत आणि त्यांना ताक दिलंत. आठ-पंधरा दिवस अंगाला इथल्या उन्हाची सवय होऊ द्या, दुपारचं बाहेर पडू नका, असंही सांगितलंत. बाबा तिसऱ्याच दिवशी, एकादशीला, भर दुपारी बोरी नदीच्या पात्रात यात्रा फिरून आले. रथ तर संध्याकाळी निघायचा होता!

आले ते पोटऱ्यांत गोळे आले म्हणत. मग डोकं दुखतंय म्हणाले. मी ऊन लागलं असेल म्हणून खोलीत पंख्याखाली निजवलं आणि पन्हं करायला सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी मला काकाच्या नावानं हाक मारली. काका जाऊन बारा वर्षं झाली होती. मी हसलो, नानी. मला वाटलं, झोपेत बोलतायत.

तुम्ही दारात आलात, त्यांच्या छातीवर हात ठेवलात आणि तो लगेच उचललात. अंग तव्यासारखं आणि कोरडं ठक्क. शेजारून कुणी कांद्याचा रस तळपायाला चोळायला आणला होता, बायको पन्ह्याचा पेला घेऊन उभी होती. तुम्ही दोघांनाही मागे सारलंत. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, छातीत जाईल. मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय, "नानी, तुमच्याकडे काही नाही का?" तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणालात, "हाई मन्हं काम नही, दवाखानानं शे. एकशे आठले फोन लाव."

फोन मी लावला, पण गाडी येईपर्यंतचं सगळं तुम्ही केलंत. पत्र्याखालून खाट ओट्यावर काढायला लावलीत, सदरा उतरवला, नवा माठ उचलून वाळ्याच्या जुडीसकट त्यांच्या अंगावर रिकामा केलात. स्वयंपाकघरातला टेबल फॅन बाहेर आणवलात. नानांचा डोक्याला बांधायचा बागायती रुमाल भिजवून मानेभोवती, दुसरी फडकी बगलेत आणि जांघेत. रुमाल गरम झाला की पुन्हा भिजवायचा. माझे हात थरथरत होते म्हणून तुम्ही मला बादली भरण्याच्या कामाला लावलंत.

दवाखान्यात ताप मोजला तेव्हाही १०४ च्या वर होता. डॉक्टर म्हणाले उष्माघात, आणि गाडी यायच्या आत अंगावर पाणी ओतलं नसतं तर मेंदूला, मूत्रपिंडाला धक्का बसला असता. बीपीची जी गोळी ते घेत होते ती लघवीवाटे पाणी काढणारी, उन्हाळ्यात तिच्याबद्दल आधी विचारायला हवं होतं, असंही म्हणाले. तुम्ही विचारलं होतंत. मीच गोळीचं नाव बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले. तेव्हा तुम्ही पन्हं आणलंत. मीठ कमी घातलेलं, डॉक्टरांना विचारून. बाबांनी तेही घोट घोट घेतलं, एक शब्द न बोलता.

मी त्या वेळी तुमचे आभार मानले नाहीत. आभार मानायला आलो तेव्हा तुम्ही कैऱ्या कापत होतात आणि मला एक विळी दिलीत. आमचूर घालायचं होतं, फोडी संध्याकाळपर्यंत उन्हात पडायला हव्या होत्या. दोन तास आपण फोडी केल्या आणि मी तसाच घरी गेलो. मग यंदा बदलीचा हुकूम आला, सामान बांधलं, आणि निघताना तर नुसता वाकून नमस्कार केला.

सोबत आमसुलं पाठवतोय, दोन किलो. यंदाची आहेत. सार कसं करायचं ते बायकोनं चिठ्ठीत लिहिलंय, मिठाचं प्रमाण आमच्या हवेचं आहे, तुमच्या हवेला वाढवून घ्या. माठाचे पैसे तुम्ही घेतले नव्हते, ते आता विचारत नाही. बाबा बरे आहेत. सकाळी नऊनंतर घराबाहेर पडत नाहीत, आणि पडलेच तर नानांचा तो रुमाल डोक्याला असतो. चिपळूणच्या बाजारात सगळे वळून बघतात. मी दोनदा म्हटलं, धुऊन अमळनेरला परत पाठवू या. ऐकत नाहीत. तेव्हा नानी, त्या रुमालाची आशा सोडा.

मुलीचा गोड पापा. नानांना नमस्कार.

तुमचा भाडेकरू