शितासारखे जंत आणि कुत्र्याच्या पिसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावणात माझ्या अडीच वर्षांच्या नातीच्या चड्डीत भाताचं शीत दिसलं. सांडलं असेल म्हणून झटकायला गेले, तर ते शीत आखडलं आणि पुन्हा लांब झालं. माझ्या अंगावर काटा आला.

अंगणवाडीतली जंताची गोळी दिली. पंधरवड्याने शितं परत दिसली. दवाखान्यातूनही तीच गोळी मिळाली. शेजारणी म्हणाल्या, गूळ बंद करा. शेवटी ढोरांना लस टोचायला आलेल्या डॉक्टरांना सुनेनं विचारलं. त्यांनी आधी विचारलं, "घरी कुत्रं आहे का?" आहे ना, मोती. नात दिवसभर त्याच्या गळ्यात पडलेली असते. पाहिलं तर मोतीच्या शेपटीखालच्या केसांत तीच शितं, वाळून तिळासारखी चिकटलेली.

हा पट्टकृमी. एकेक शीत म्हणजे त्याचा अंड्यांनी भरलेला तुकडा. सारवलेल्या भुईच्या भेगांत पिसवांच्या अळ्या असतात, त्या ही अंडी खातात. अळीची पिसू झाली तरी कृमीचं पिल्लू तिच्या पोटात राहतं. मोती अंग चावताना ती पिसू गिळतो. लेकरू कुत्र्याशी खेळून बोटं तोंडात घालतं, त्यातून एखादी त्याच्याही पोटात जाते. नुसतं शीत गिळून हा जंत होत नाही, मधे पिसू लागतेच. कोंबड्यांनाही त्यांचे पट्टकृमी मुंग्या, माशा, शेणकिडे खाऊन होतात, हे मला या वयात कळलं!

अंगणवाडीतली अल्बेंडाझोलची गोळी गोल जंत आणि अंकुशकृमीसाठी असते. या जंताला प्राझिक्वान्टेल लागतं, तेही डॉक्टरांनी वजन पाहून दिलेलं. नातीला आणि मोतीला एकाच आठवड्यात औषध दिलं, मोतीला पिसवांचंही. त्याचं बारदान जाळलं, भेगा बुजवून ओसरी नव्यानं सारवली. काहीजण म्हणाले, कुत्रं दूर सोडून द्या. मी नाही सोडलं. तो गेला असता, पण पिसवा भेगांतच राहिल्या असत्या.

माझी विनंती एवढीच. 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी गोळी देताना सेविकाताईंनी आईला दोन प्रश्न विचारावेत: शितासारखं काही दिसतं का, घरी कुत्रं-मांजर आहे का. आणि गावात कुत्र्यांना रेबीजची लस द्यायला येतात, तेव्हाच त्यांना जंताचं आणि पिसवांचं औषधही मिळावं.

आपली,
एक आजी, ता. नेर, जि. यवतमाळ