पंप कोण देतो, तेही विचारा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दम्याच्या मुलाला तपासायला नेलं की 'पंप वेळेवर देता ना?' असं विचारतात. आम्हीही दर वेळी 'होय' म्हणायचो, आणि ते खोटं आहे हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. नातवाच्या पंपात १२० मात्रा. सकाळ-संध्याकाळ एकेक, म्हणजे दीड महिन्यात तीसच उरायला हव्यात. सहज पंपाच्या मागे दिसणारा उरलेल्या मात्रांचा आकडा बघितला, तर ९८! सून पहाटेच वेर्ण्याला कामावर जाते. सकाळचा पंप आजी देते असं तिला वाटे. आजीला वाटे, आई देऊन गेली. संध्याकाळी सात वर्षांचं पोर 'घेतला' म्हणालं की झालं. इकडे औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवायच्या विचारात.

निळा पंप मात्र सगळ्यांना बरोबर सापडायचा, कारण धाप लागली की तो लगेच आराम देतो. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड श्वासनलिकेची सूज हळूहळू उतरवतं, त्याचा गुण डोळ्यांना दिसत नाही. खोकला थांबला की तो कपाटात जातो. शिवाय 'पंपाची सवय लागते' असं सांगणारे शेजारी आहेतच.

अमेरिकेत घरच्यांची सविस्तर मुलाखत घेऊन, घरात मुलाचा दमा कसा सांभाळला जातो हे जोखायची पद्धत १९९७ सालीच मांडली गेली. दम्याबद्दल घरात काय समजूत आहे, त्रासाची सुरुवात कोण ओळखतं, मग काय करतात, औषध खरोखर दिलं जातं का, घरातल्या धूर-धुळीचं काय, असं सगळं त्यात येतं. आपल्या ओपीडीत एवढा वेळ नसतो, हे मान्य. पण पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) सोबत आणायला सांगावं, मुलाला नर्ससमोर ओढायला लावावं, आकडा वाचावा. पाच मिनिटांचं काम. आणखी एक विचारावं: चतुर्थीला मूळ घरी जाता तेव्हा पंप कुठे असतो? आमचा गेल्या वर्षी डिचोलीतच राहिला होता, आणि तिकडे पावसाने ओल धरलेल्या भिंती, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवाखाली) दिवसभर धूप.

आता पंप दात घासायच्या ब्रशांशेजारी ठेवतो. तो घेतल्यावर चूळ भरायचीच असते, तेवढीच सोय. काल हिशेबाने ४० हवे होते, आकडा ४१ निघाला. कुठला चुकला, ते नातू कबूल करत नाही.

आपला,
एक आजोबा, डिचोली