घराभोवतीचे खंदक

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, इंग्लंडमधल्या या सफोक परगण्याच्या शेतांत एवढे खंदक कसे, एवढे किल्ले होते का, हे तुम्ही परवा विचारलंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

हे खंदक घरांभोवती खणलेले आहेत. आपल्या परांड्याच्या किल्ल्याच्या खंदकाने सैन्य अडायचं. इथल्या खंदकाने फार तर चोर आणि मोकाट जनावरं. इंग्लंडमध्ये अशा सुमारे ६००० जागा माहीत आहेत, बहुतेक १२५० ते १३५० या शंभर वर्षांतल्या. सरदारांच्या किल्ल्याभोवती पाणी, मग आपल्याही वाड्याभोवती हवं, असं गावच्या जमीनदारांना वाटलं. त्यांचं बघून काही सधन शेतकऱ्यांनीही खणले. मला यात प्रतिष्ठेची हौसच जास्त दिसते, पण उपयोगही होता. खणलेली माती मधल्या जागेवर टाकली की घराचं जोतं उंच आणि कोरडं राहायचं, शिवाय पाण्यात मासे पाळता यायचे.

जवळ नदी नसली तरी चालायचं. हिमयुगातल्या बर्फाने इथे चिकणमातीचा जाड थर टाकलाय, त्यात पावसाचं पाणी मुरत नाही. ती ओली, चिकट माती फावड्याने उपसणाऱ्या माणसांची नावं कुठेच नाहीत, आणि मला सगळ्यांत जास्त त्यांचंच वाटतं.

१३४८ मध्ये प्लेग आला, निदान तिसरा हिस्सा माणसं गेली. नंतर नवे खंदक फारसे झाले नाहीत. लाकडी घरं कधीच गेली. आता चौकोनी पाणी आणि मध्ये गवत. पण तळाच्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड, चामडं, बिया शेकडो वर्षं टिकतात. गेल्या शतकात ट्रॅक्टर आल्यावर कितीतरी खंदक बुजवून नांगराखाली घातले. तो गाळही त्याबरोबर सुकला असणार, याची मला फार हळहळ वाटते.

मे महिन्यात याल तेव्हा हेल्मिंगम हॉल हा खंदकातला जुना वाडा बघूच. तिथले उचलते पूल १५१० पासून रोज रात्री वर घेतात म्हणे. पण त्याआधी तुम्हाला एखाद्या रिकाम्या खंदकावर नेणार आहे. जुन्या वाड्यापेक्षा तिथे जास्त कळतं, कारण चारी बाजू चालून मोजता येतात. आई, पायवाटा ओल्या असतात, जाड तळव्याचे बूट घेऊन ये. बाबा, तुमची मोजपट्टी आणा.

तुमची,
लेक