चौसष्ट फ्रेम

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यापासून तुला पत्र नाही, याची बोचणी होतीच. पण आज लिहायला बसलो ते निराळ्या कारणाने. माझी साखर आटोक्यात आहे, हिचे गुडघे थंडीने थोडे कुरकुरतात, बाकी ठीक.

गेल्या सोमवारी नववीला दोलक घेतला. मीटरभर दोरा, टोकाला लोखंडी नट, वर छताचा हुक. आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाचा वेळ, कशाने बदलेल ते मुलांनीच सुचवायचे आणि मुलांनीच मोजायचे, हा आपला शिरस्ता मी अजून मोडलेला नाही. वजन बदलून झाले, दोरा आखूड करून झाला. मग खिडकीजवळच्या गटातल्या एका मुलीने नट पार साठ अंशांपर्यंत ओढून सोडला, दहा आंदोलने मोजली आणि म्हणाली, "सर, मोठ्या झोक्याला जास्त वेळ लागतो." लहान झोक्यांना २०.१ सेकंद, मोठ्यांना २१.२.

मी तिला म्हटले, "बटण उशिरा दाबलेस." तिने पुन्हा मोजले, पुन्हा एकवीसच्या वर. तास संपत आला होता आणि "आवर्तकाल आयामावर अवलंबून नसतो", म्हणजे झोका केवढाही असो, वेळ तेवढाच, हे वाक्य मी फळ्यावर आधीच लिहून बसलो होतो, तेही "आयाम लहान असेल तर" ही अट गाळून. मी डिजिटल बोर्ड सुरू केला, त्यावरचा दोलक लहान कोनातून आणि मोठ्या कोनातून झुलवून दाखवला, दोन्हींचा आवर्तकाल तंतोतंत सारखा आला, आणि तिला वहीतला आकडा खोडायला लावला. तिने तो खोडला.

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात आली, दुमडलेला कागद माझ्या हाती दिला आणि काही न बोलता निघून गेली. भावाच्या फोनवर तिने घरच्या दोलकाचा व्हिडिओ घेतला होता, सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने, आणि एकेक फ्रेम बोटाने पुढे सरकवत मोजली होती. लहान झोका: ६० फ्रेम. साठ अंशांचा पहिला झोका: ६४. खाली पेन्सिलीने लिहिले होते, "यात बटण दाबायचे नाही, सर."

बापू, तिचे बरोबर आहे, हे तुला सांगायला नकोच. कोन वाढला की दोलकाला मध्याकडे आणणारे बल त्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. साठ अंशांना आवर्तकाल सुमारे सात टक्क्यांनी लांबतो. गॅलिलिओचा समज होता की झोका केवढाही असो, वेळ तेवढाच. लंबकाचे घड्याळ करणाऱ्या हायगेन्सने तो समज खोडून काढला आणि वेळ खरोखर सारखा राहावा म्हणून लंबकाने कोणत्या वक्रावरून झुलावे, ते १६७३ च्या ग्रंथात मांडले. जिथे हायगेन्स पोचला तिथे ही पोर एका नटाने आणि उसन्या फोनने पोचली, आणि मी तिला खोडरबर दिला.

मला झोप लागत नाही ती त्या बोर्डामुळे. त्यावरच्या दोलकात सूत्रच भरलेले आहे. तो सूत्राप्रमाणे हलणार, सूत्र खोटे पडेल असे कधीच वागणार नाही. त्याला मी साक्षीला उभे केले, तेही छताला टांगलेल्या खऱ्या दोलकाविरुद्ध. हा बोर्ड मिळावा म्हणून मीच खेटे घातले होते, आणि त्यावरून आपण महिनाभर अबोला धरला होता. "पडद्यावरचा लंबक कधी थांबत नाही, पोरांना थांबणारा लंबक दाखव," असे तू म्हणालास, तेव्हा मी तुला जुनाट म्हटले. ते शब्द मी मागे घेतो. मात्र फोन वर्गाचा वैरी आहे, हा तुझा हट्टही त्या कागदापुढे टिकत नाही, हे तुला मानावे लागेल.

होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमातल्या त्या उन्हाळ्यात, मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या काल्पनिक सवालीरामला आलेली मुलांची पत्रे आपण रात्री कंदिलाशी वाचत बसायचो. (तू दुसऱ्याच पत्राला घोरू लागायचास, हे आज तरी कबूल कर.) २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला तेव्हा तू दोन दिवस धड जेवला नव्हतास. मी म्हटले होते, कार्यक्रम गेला तरी आपल्या वर्गांत तो चालेल. सोमवारी माझ्या वर्गात तो चालला नाही. त्या दिवसापासून त्या मुलीने एकदाही हात वर केलेला नाही, आणि उरलेल्या चौतीस जणांच्या वह्यांत माझे अर्धे वाक्य जसेच्या तसे आहे.

येत्या शनिवारी तेच वाक्य त्यांच्यासमोर पुसणार आहे. तिचा कागद तिनेच वाचावा, असे मला वाटते. पण भर वर्गात तिला उभे करणे तिला आवडेल की तो आणखी एक जाच होईल, हे मला ठरवता येत नाही. आधी एकटीला विचारावे काय? अशा बाबतीत तुला माझ्यापेक्षा कळते.

तुझ्या निवृत्तीचे कागद मार्गी लागले का? धाकटीच्या नोकरीबद्दल ऐकले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार सांग.

शनिवारी सकाळची शाळा आहे, साडेसातला वर्ग भरतो, तेव्हा शुक्रवारी मुक्कामालाच ये. येताना इटारसीच्या बाजारात घेतलेला तो पितळी गोलक आण. नट साठ अंशांवरून सोडला की गिरक्या घेतो.

तुझा,
दादा