'ओमा'ला घाबरू नकोस

प्रिय महेश,

काकूंचा रिपोर्ट वाचल्यापासून तू एकच धोशा लावला आहेस : "शेवटी 'ओमा' आहे, म्हणजे कॅन्सरच." फोनवर तुला काही सुचत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

रिपोर्टमधला 'लायपोमा' म्हणजे चरबीची गाठ. 'लायपो' ही चरबी आणि 'ओमा' हा ग्रीक प्रत्यय. वैद्यकात तो बहुतेक गाठींच्या नावांना लागतो, पण गाठ चांगली की वाईट हे तो सांगत नाही. मार लागून रक्त साकळलं तर त्याला हिमाटोमा म्हणतात. ग्लॉकोमात तर गाठच नसते, तो डोळ्याचा आजार. उलट मेलानोमा आणि लिम्फोमा ही नावं ऐकायला तितकीच साधी, पण दोन्ही घातक. म्हणून नुसतं शेपूट पाहून धसका घेऊ नकोस, अख्खं नाव वाच. चरबीच्या घातक गाठीला लायपोसार्कोमा म्हणतात. 'सार्क्स' म्हणजे मांस. हाड, स्नायू, चरबी यांच्या कॅन्सरच्या नावात सहसा 'सार्कोमा' येतो. त्वचेतून किंवा अवयवांच्या अस्तरातून उठलेला असेल तर कार्सिनोमा.

या 'कार्सिनोमा'त एक खेकडा दडलाय. हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी अशा गाठींना 'कार्किनोस', म्हणजे खेकडा, म्हटलं. पुढे गॅलेन या वैद्याने त्याचं कारण दिलं : स्तनातल्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात. लॅटिनमध्ये खेकड्याला 'कॅन्सर' म्हणतात, आणि आपल्या 'कर्करोगा'तला कर्कही तोच. मला राहून राहून वाटतं, सूक्ष्मदर्शक नसताना, केवळ डोळ्यांनी आणि बोटांनी त्या माणसांनी किती नीट पाहिलं असेल!

'ट्यूमर' हा शब्द तर तू उगाचच बदनाम करून ठेवलायस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सूज, बस. पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस या लेखकाने दाहाची चार लक्षणं लिहिली : लाली, सूज, उष्णता, वेदना. त्यातली सूज म्हणजे 'ट्यूमर'. म्हणजे तेव्हा ठेच लागून सुजलेल्या अंगठ्यालाही तो शब्द चालला असता.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' येतं. गोल, जागची न हलणारी, फारशी न दुखणारी, खोल मुळाची, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी गाठ, असं त्याचं वर्णन आहे. 'न पिकणारी' हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं, कारण गळू पिकतं, फुटतं, रिकामं होतं. अर्बुद तसं नाही. आधीच्या अर्बुदावर दुसरं उठलं तर त्याला 'अध्यर्बुद' असं वेगळं नावही दिलंय. आजच्या मराठी वैद्यकीय पुस्तकांत 'अर्बुद' ट्यूमरसाठी वापरतात, म्हणजे तेही साधं किंवा घातक, दोन्ही असू शकतं.

तेव्हा रिपोर्ट पुन्हा उघड आणि 'बिनाइन' किंवा 'मॅलिग्नंट' यांपैकी काय लिहिलंय ते शोध. पहिल्याचा अर्थ साधी, आजूबाजूला न घुसणारी गाठ, दुसऱ्याचा घातक. कळलं नाही तर डॉक्टरांना मराठीतच विचार : "गाठ साधी आहे की घातक? काढायलाच हवी का?" काकूंना समोर बसवून विचार. त्यांच्यापासून लपवाछपवी केलीस तर त्या जास्त घाबरतील, तुला माहीत आहे त्यांचा स्वभाव.

डॉक्टरांना भेटून आलास की रात्री कितीही उशीर झाला तरी फोन कर. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश